आबासाहेबांच्या सीटला हात लावायचा नाही

६ जानेवारी १९७१, बुधवार

ही वही कृपाने दिली. औषधाच्या कंपनीची आहे. वर बाटलीचं चित्र, आत पानापानावर तारीख छापलेली. मी म्हटलं, एवढी गुळगुळीत वही माझ्यासारखीला कशाला? मी चाळिशीत मिशनच्या बायबलबाईकडून अक्षरं शिकलेली, जोडाक्षर आलं की अजून हात अडखळतो. तर म्हणते कशी, "आजी, तू दिवसभर बोलतेस. आई स्वयंपाकात असते, बाबा पेपरात असतात. आता वहीशी बोल. ती मध्येच उठून जात नाही." बघा, डॉक्टरीण झाली तरी जिभेला धार तीच.

कृपा माझ्या एलियाची थोरली. एलिया शाळेत मास्तर आहे. कोल्हारच्या आमच्या मिशनवाडीत मास्तर झाले, नर्सा झाल्या, एकजण पोलिसात गेला, पण डॉक्टरीण हीच पहिली. परवा एसटीतून उतरली तेव्हा मी तिच्या पेटीला हात लावून बघितलं, आत डॉक्टरी असते ती जड लागते का. जड लागली. पुस्तकं होती म्हणे.

आता मुख्य गोष्ट लिहिते, नाही तर बोलता बोलता राहून जाईल. मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलाने तिला बोलावलंय, महिनाअखेर हो की नाही कळवायचं. आणि इकडे आबासाहेब डॉक्टर म्हणतात, मी थकलो, माझा दवाखाना आणि माझी गाडी या पोरीने घ्यावी. एलिया म्हणतो, दवाखाना ठीक, पण वस्त्यावस्त्यांवर जायचं तर गाडी स्वतःला हाकता आली पाहिजे, आणि ही पोर चाकामागं बसली तर बाहेरून दिसणार पण नाही. तेही खोटं नाही. कृपा तिच्या आईवर गेली, बुटकी. माझ्या माहेरचे सगळे ताडमाड. मी अजून एलियापेक्षा बोटभर उंच आहे, त्याला आवडत नाही म्हणून त्याच्याशेजारी उभी राहत नाही.

म्हणजे गाडीत नीट बसता आलं तर पोर कोल्हारात, नाही तर मुंबईत. झोपताना प्रार्थनेत गाडीचा विषय काढावा की नाही असं वाटलं. काढला.

८ जानेवारी, शुक्रवार

आज गाडी बघायला गेलो. कृपा, मी आणि एलिया. माझं काम काय, तर बसून बघायचं. एलिया म्हणाला, "आई, तुझी हाडं जुनी आहेत. तुला जिथं धक्का लागला नाही तिथं कुणालाच लागणार नाही." मला हा मान वाटला. त्याने तो कसा दिला हे सोडून द्या.

गाडी दवाखान्यामागं पत्र्याच्या शेडात असते. पारव्या रंगाची, बुटकी, विलायती. आबासाहेबांनी दहा वर्षांपूर्वी एका साहेबाकडून घेतली, तेव्हाच ती जुनी होती. नाव इंग्रजीत आहे, ते काही मला वाचता येत नाही. बाकीच्या मोटारींना मागं पेटी असते. हिला पेटी नाही, मागं एक दार आहे, खुराड्याचं असतं तसं वर उचलायचं. मी सरळ वहाणा काढल्या, दार उचललं आणि गुडघा टेकून चढले. बैलगाडीत मागूनच चढतात ना? कृपा हसून हसून खाली बसली. "आजी, ते सामानाचं दार आहे!" मी म्हटलं, असू दे, मला सोयीचं वाटलं. खरंच सोयीचं वाटलं. उंबरा नाही, वाकायचं नाही, बूड टेकवलं की आत.

मग नीट दारातून बसवलं. मागचं बाकडं मऊ आहे. उजवीकडची एक स्प्रिंग जरा टोचते, पण तिच्यावर पदराची घडी ठेवली की झालं. काच मोठी, शेतं लांबपर्यंत दिसतात. पाय ठेवायला जागा आहे. वास मात्र आयोडीनचा.

गाडी बन्सीने चालवली. बन्सी आबासाहेबांचा ट्रॅक्टर चालवतो. आबासाहेब म्हणाले, "माझा गुडघा दुखतो हल्ली, मी शेजारी बसतो." केवढा उंच माणूस, पण आता वाकलाय. गाडीवरून हात फिरवत फिरवत पलीकडच्या दाराशी गेले, म्हशीवरून फिरवावा तसा. जीव आहे हो त्यांचा गाडीवर. प्रवरेच्या पुलावरून जरा पुढं जाऊन आलो. वाटेत आबासाहेब म्हणाले, "राहीबाई, तुम्हाला वाचता येतं ना? तो मैलाचा दगड वाचा बघू." मी वाचला. पुढचा पण वाचायला लावला. मी अडखळले नाही. "शाब्बास," म्हणाले. या वयात परीक्षा दिली आणि पास झाले, कुणाला सांगू!

परत आल्यावर कृपा चाकामागच्या सीटवर बसली. अरे देवा. पाठ टेकली तर पाय लोंबकळतात, पाय पोचवले तर पाठ टेकत नाही. मी बन्सीला हळूच विचारलं, "हे पुढं सरकत न्हाई का रं?"

तो कानाशी आला. "सरकती की. खाली खिट्टी हाय. पन आजे, आबासाहेबांच्या सीटला हात लावायचा न्हाई. दहा वर्सं त्यांच्या मापावर हाय ती. मी बी कधी हलवली न्हाई."

बरोबर आहे. आमचा सासरा वारल्यावरही त्याची बाज आम्ही वर्षभर तिथंच ठेवली, झाडताना सुद्धा उचलत नसू, खालून केरसुणी घालायचो. मोठ्या माणसाची बैठक ती बैठक. कृपाला पण तेच वाटलं असणार, ती काही बोलली नाही. आणि एलिया तर आबासाहेबांपुढं खुर्चीवर सुद्धा अर्धाच बसतो.

माझ्या वहाणा शेडातच राहिल्या होत्या. पुलावर उतरले तेव्हा अनवाणी उतरले तरी ध्यानात आलं नाही. येऊन बघते तर एकीवर कोंबडी बसलेली.

११ जानेवारी, सोमवार

उश्या शिवायला घेतल्या. एक पाठीमागं, एक बुडाखाली. सीटला हात न लावता पोरीला पुढं आणि वर आणायचं, एवढंच काम. वरचं कापड यांच्या जुन्या कोटाचं. एलियाचे वडील जाऊन चौदा वर्षं झाली, कोट अजून चांगला होता. बोटं फिरवताना वाटलं, नात डॉक्टरीण झालेली त्यांनी बघायला पाहिजे होती. आत सावरीचा कापूस भरला. सून म्हणाली, "आत्याबाई, साधा कापूस भरा, तो दबत नाही." मी म्हटलं, साधा टोचतो. तिचं ऐकलं नाही.

माझी सून दया. बोलते कमी, पण भाकरी अशी करते की फुगली नाही असं कधी झालं नाही.

१४ जानेवारी, गुरुवार

संक्रांत. शेजारची छबूबाई तिळगूळ घेऊन आली. आम्ही दोघी आबासाहेबांकडे उश्या घेऊन गेलो. आबासाहेब ओट्यावर बसलेले. छबूबाई पुढं, मी मागं. ते उठून तिलाच म्हणाले, "या राहीबाई, गोड बोला." छबूबाई म्हणजे माझ्या खांद्याला लागते आणि आडवी माझ्या दुप्पट! ती केवढी फुगली. "मी राही दिसती व्हय? हिच्यासारखी शिडी?" मी हसले. म्हातारपण, दुसरं काय.

उश्या लावल्या. कृपा बसली. पाय पोचले! तिन्ही दांड्यांवर पोचले. कृपा म्हणाली, डाव्या पायाखालचा तो क्लच, तो पूर्ण आत जायला पाहिजे. गेला. आनंदाने मी बन्सीला दोनदा तिळगूळ दिला.

१६ जानेवारी, शनिवार

काय लिहू.

सकाळी कृपा चालवत होती, आबासाहेब शेजारी, मी आणि बन्सी मागं. सुरुवातीला छान. हळू, पण छान. मग उसाच्या बैलगाड्यांची रांग लागली. कारखाना चालू आहे, सगळा रस्ता उसाचा. थांबायचं, निघायचं, थांबायचं, निघायचं. प्रत्येक वेळी पोर क्लच दाबायची आणि प्रत्येक वेळी माझी पाठीमागची उशी थोडी दबायची. सावरीचा कापूस. शेवटी एक गाडी एकदम थांबली, कृपाने पाय दाबला आणि ती मागं उशीत गेली, पाय क्लचवरून निसटला. गाडीने उडी मारली ती सरळ कडेच्या पाटाच्या चारीत. पाणी घोटाभर. लागलं कुणाला नाही. माझ्या तोंडून प्रभूचं नाव आलं आणि बन्सीच्या तोंडून जे आलं ते लिहीत नाही.

आबासाहेब सावरून बसले. मग म्हणाले, "काय होतं पुढं? झाड होतं का?"

"नाही आबा," कृपा म्हणाली, "उसाची गाडी."

"लांब होती?"

"हातभर."

ते घाबरले असणार. माणूस घाबरला की काही सुचत नाही, समोरचं पण दिसत नाही.

नशिबाने नाही म्हणा की नशिबाने म्हणा, एलिया शाळा सुटून त्याच वाटेने सायकलवर येत होता. सायकल टाकून चारीत उतरला. आधी पोरीचे हातपाय बघितले, मग माझे. मग म्हणाला, "बस झालं. हातभरच राहिलं होतं ना? मुंबईला हो म्हणून कळवायचं." आवाज चढवला नाही. त्याने आवाज चढवला असता तर मी भांडले असते.

चूक कापसाची. म्हणजे माझी. सून एक शब्द बोलली नाही, तिने नुसती ओली उशी वाळत घातली. त्यापेक्षा बोलली असती तर बरं.

१७ जानेवारी, रविवार

उपासनेला गेलो. पाळकसाहेबांचा संदेश चांगला झाला असेल, माझं लक्ष नव्हतं. सगळ्या बाया विचारतात, "गाडी पाटात घातली म्हणे?" कृपा हसून सांगते, "हो, धुवायची होती."

घरी येऊन मात्र तिने पेटी बाजेखालून बाहेर ओढली आणि कपडे घड्या घालून ठेवायला लागली. अजून दोन आठवडे आहेत, आत्तापासून कशाला? मी विचारलं नाही. वांगी भाजत होते, धूर झाला होता, डोळ्यांना पाणी आलं.

१९ जानेवारी, मंगळवार

आबासाहेबांनी बन्सीला पाठवलं. श्रीगोंद्याचे एक डॉक्टर गाडी घ्यायला तयार आहेत. त्यांनी एवढंच विचारलंय, मागचं बाकडं पाडून त्यावर पेशंट आडवा नेता येतो का, आणि त्याला धक्के किती बसतात? आबासाहेब म्हणे कधी स्वतः त्यात झोपलेले नाहीत. तर राहीबाई येतील का, आडव्या पडून बघायला?

माझ्या हाडांना आता श्रीगोंद्यापर्यंत मान आहे. मी हो म्हटलं. मनात आलं, धक्के बसले तर श्रीगोंद्याला लई बसतात म्हणून सांगावं, गाडी इथंच राहील. पण राहून काय उपयोग, चालवणारी मुंबईला.

२० जानेवारी, बुधवार

आज जे झालं ते नीट क्रमाने लिहायचं ठरवलंय. चहा दोनदा घेतला, आनंदाने.

सकाळी गेले. बाकडं पाडलं की मागं सपाट होतं. डाव्या अंगाला जादा चाक आणि आबासाहेबांची औषधाची पेटी, दोन्ही बोल्ट मारून बसवलेली. तेव्हा झोपायचं उजव्या अंगाला, चालवणाऱ्याच्या मागं. गोधडी घातली. बन्सी म्हणतो, "आजे, पाय आधी घाल, तोंड दाराकडं ऱ्हाऊ दे, वारं लागंल."

मी म्हटलं, "गप रं! पाय आधी घालून मढं नेतात. मी अजून जेवायची हाय."

कृपा म्हणाली, "आजी, तोंड दाराकडे असलं तर डॉक्टरला बघायला बरं."

"बघ की तू. पण डोकं आधी. नाही तर मी चालले घरी."

आबासाहेब ओट्यावरून एकदम हसले. मग म्हणाले, "राहीबाई, दहा वर्षं मी बायांना पाय आधी करून यात घालायचं म्हणतोय आणि त्या म्हणतात, नको, आम्ही बसूनच येतो. का ते एकीने सांगितलं नाही. मला वाटायचं, मोटारीला भितात."

"तुम्हाला कोण सांगणार," मी म्हटलं.

डोकं आधी घातलं. तर माझं टाळकं पुढच्या सीटच्या पाठीला टेकलं आणि पाय घोट्याच्या वरपासून बाहेर. गुडघे वर घेतले तर मावते, पण मग गाडी वळली की गुडघे इकडून तिकडं. बाळंतपणाला निघालेली बाई अशी कशी जाणार? शेवटी पाय बाहेरच ठेवले. दार अर्धं खाली करून सुतळीने बांधलं. कृपा माझ्याजवळ पेटीवर बसली, आबासाहेब पुढं, बन्सी चाकावर.

निघालो. पडून बघितलं तर गाडी वेगळीच. वर नुसतं आभाळ आणि तारा. खड्डा येतो तो पाठीला आधी कळतो, मग डोळ्याला. एवढे काही धक्के नाहीत, खरं सांगायचं तर झोप लागेल अशी गाडी. मी डोळे मिटले. माझी एक सवय आहे, डोळे मिटले की तोंड उघडं राहतं.

चावडीपाशी छबूबाई हापशावर होती. तिने काय बघितलं? डॉक्टरची गाडी, मागून दोन पाय बाहेर, ओळखीचे, कारण कोल्हारात एवढे लांब पाय दुसऱ्या बाईचे नाहीत. जवळ नात मान खाली घालून बसलेली. (ती नाडी मोजत होती.) छबूबाईने हंडा टाकला आणि हंबरडा फोडला, "राही गेली गं बाई!"

मला गाडीत काही ऐकू आलं नाही. आम्ही पुलाकडे निघालेलो.

पुलाच्या अलीकडे रस्ता वर चढतो. तिथं मी मागं घसरले, आणि उतारावर परत पुढं. टाळकं सीटवर आपटलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा मी डोळे उघडून ओरडले, "अरं ही सीट पुढं घ्या की! माझं डोकं फुटतंय!"

गाडी थांबली. बन्सी हळूच म्हणाला, "आजे, त्या सीटला..."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, मी काय बोलले. आडव्या माणसाला भान राहत नाही. मी म्हटलं, "आबासाहेब, चुकले. माझ्या तोंडून गेलं."

आबासाहेबांनी बन्सीच्या सीटच्या पाठीवर हात ठेवला. एक उसाची गाडी आमच्या बाजूने निघून गेली. मग म्हणाले, "मला परत कधी चालवावीशी वाटली तर?"

मी म्हटलं, "त्यात काय, तेव्हा परत मागं घ्यायची. सरकतीच आहे ना."

आबासाहेब दार उघडून उतरले, टपावर हात ठेवत पुढून वळसा घालून बन्सीच्या बाजूला आले. "उतर," म्हणाले. वाकून सीटखाली हात घातला. न बघता पहिल्या झटक्यात खिट्टी त्यांच्या हाताला लागली. आणि ती सीट, जिला आम्ही एवढे भ्यायलो, जिच्यासाठी यांच्या कोटाच्या उश्या केल्या, ती वंगण घातलेल्या कण्यासारखी पुढं गेली. पार पुढं.

माझ्या डोक्यामागं वीतभर जागा झाली. मी सरकले. पाय आत आले. टाचा सुद्धा.

"कृपा, तू बस तिथं," आबासाहेब म्हणाले.

"आबा, बाबांनी नाही म्हटलंय."

"चालवू नको. नुसती बस."

ती बसली. आबासाहेब उघड्या दाराशी उभे. "पाय पुरतात का?"

"पुरतात."

"क्लच पूर्ण आत जातो?"

"जातो. गुडघा वाकलेला राहतो, आबा. पाठ टेकलीय."

"पुढचा रस्ता दिसतो?"

"खालची उशी ठेवली तर दिसतो."

एवढ्या जवळ उभे राहून सगळं तिच्या तोंडून वदवून घेत होते. मास्तर लोकांसारखी खोड आहे, उत्तर मोठ्याने दिलं पाहिजे.

तेवढ्यात गावाकडून माणसं धावत येताना दिसली. सगळ्यांत पुढं एलिया, सायकलवर, एक चप्पल पायात आणि एक नाही. मागं छबूबाई पदर तोंडात धरून. मी उठून बसले आणि मागच्या काचेतून बघितलं. एलियाने मला बघितलं. सायकल तशीच सोडली, ती पडली. माझा पन्नाशीचा पोरगा, रस्त्यावर उभा राहून रडायला लागला.

"आई, कुठं दुखतंय?"

"मला काय झालंय? दुखायचं ते डोकं होतं, ते आता न्हाई दुखत. ते जाऊ दे, इकडं बघ, पोरीचे पाय पुरतात!"

छबूबाई म्हणते, "मेली न्हाईस व्हय गं?" आणि तिने मला काय शिव्या दिल्या! तिचा हंडा चेपलाय, तो मी भरून द्यायचा म्हणे.

लोक हसायला लागले. एलिया हसला नाही. गाडीभोवती फिरला, पोरीच्या पायांकडे बघितलं, उशी काढून दाबून बघितली. मग मला म्हणाला, "उतर, मला बघू दे." आणि स्वतः मागच्या दारातून, डोकं आधी, आत आडवा झाला. "कृपा, चालव. हळू. उसाच्या गाड्यांतूनच चालव."

मी पुढं आबासाहेबांच्या मांडीजवळ अंग चोरून बसले. बन्सी एलियाची सायकल घेऊन मागं. कृपाने चालवली. तीच रांग, तेच थांबणं, तेच निघणं. तिचा पाय एकदाही निसटला नाही. मी रस्त्याकडे बघतच नव्हते, तिच्या डाव्या पायाकडेच बघत होते, दाबला की मी पण दाबायचे. आबासाहेब विचारत होते, "आता काय पुढं? डाव्या हाताला किती जागा?" ती सांगायची. मी पण मैलाचे दगड सांगत होते, कुणी विचारलं नाही तरी.

दवाखान्याशी थांबलो. मी मागं वळून म्हटलं, "काय रं एलिया, बसतात का धक्के?"

उत्तर नाही. मी घाबरले. बघते तर हात छातीवर, तोंड उघडं, एलिया घोरतोय. सवय माझ्यावर गेलीय.

२१ जानेवारी, गुरुवार

सकाळी भाकरी खाताना एलिया पोरीला म्हणाला, "मुंबईला नाही म्हणून कळव." मग पेपर वर धरला. पेपर उलटा नव्हता, पण तो वाचत पण नव्हता.

कृपाने पेटी पायाने ढकलून बाजेखाली सारली. मोठा आवाज झाला. सून आतून म्हणाली, "काय पडलं?" मी म्हटलं, "काही नाही, डॉक्टरी जागेवर बसली."

श्रीगोंद्याच्या डॉक्टरांना आबासाहेबांनी कळवलं, गाडी इथल्याच डॉक्टरणीला दिली.

२८ जानेवारी, गुरुवार

पहिली पेशंट. नदीकाठच्या वस्तीवरची भागूबाई, पहिलटकरीण, दोन दिवस अडलेली. मी गेले नव्हते, कृपाने सांगितलं ते लिहिते. सासूने गाडी बघितली आणि म्हणाली, "आमची सून मोटारीत आडवी जायाची न्हाई." कृपाने विचारलं, "डोकं आधी घातलं तर?" सासू म्हणाली, "मंग जाईल की."

आबासाहेब बरोबर जातात रोज. कृपाला विचारत राहतात, पापणी आतून कशी दिसते, नखं कशी आहेत, जिभेचा रंग काय. ती सांगते, मग ते सांगतात काय करायचं. अजून किती दिवस परीक्षा घेणार पोरीची? मी म्हटलं तर कृपा म्हणाली, "घेऊ दे, आजी. मला त्यांचं सगळं पाहिजे." आणि माझ्याकडे अशी बघत राहिली, जसं काही मला अजून काही विचारायचं आहे. मला काही विचारायचं नव्हतं. भाजी करपत होती.

मुलगी झाली. दोघी चांगल्या. सासूने हुरड्याची कणसं पाठवली, कोवळी. भाजून खाल्ली, छबूबाईला पण दिली. हंड्याचं ती अजून काढते.

३१ जानेवारी, रविवार

आज दवाखान्यावर पाटी लागली. उपासना झाल्यावर सगळी वाडी बघायला गेली. बन्सी शिडीवर, कृपा खाली उभी राहून "डावीकडून वर घे" म्हणतेय. आबासाहेब म्हणाले, "राहीबाई, वाचा."

मी वाचली. मोठ्याने, सगळ्यांपुढं. डॉक्टर कृपा एलिया, आणि पुढं आमचं आडनाव. त्यात दोन जोडाक्षरं आहेत, दोन्ही आली. वाचून झाल्यावर माझाच आवाज मला बाहेरून ऐकू आल्यासारखा वाटला.

मग आबासाहेबांनी पाटी खाली मागितली. बन्सीने उतरवून त्यांच्या हातात दिली. त्यांनी पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत बोट फिरवलं, अगदी सावकाश. रंग ओला होता. बोट निळं झालं आणि कृपाचं नाव थोडं फिसकटलं. "बरोबर आहे," म्हणाले.

एवढा शिकलेला माणूस, पण ओला रंग कळत नाही. मी माझ्या पदराने त्यांचं बोट पुसलं. त्यांनी पुसू दिलं. कृपा तोंड फिरवून गाडीकडे गेली, मला वाटलं पाटी खराब झाली म्हणून तिला वाईट वाटलं. पण ती लगेच परत आली आणि म्हणाली, "आबा, फिसकटलेलं तसंच ठेवायचं. पुसायचं नाही."

मग सगळे गाडीत बसलो. आबासाहेब शेजारी, मी मागं, बाकडं उभं करून, टोचणाऱ्या स्प्रिंगवर पदराची घडी. वहाणा या वेळी आत घेतल्या.